आधी ऐकायला शिका

(आठवी ते अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी योजलेल्या अभ्यासवर्गाच्या प्रारंभी एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



या दोन दिवसांच्या वर्गातून तुम्ही प्रबोधक म्हणून बाहेर पडावे, अशी योजना आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, जी चूक तुम्ही टाळायची आहे, ती मी करून बसलो आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी विचारले तर शिवकालाचा पट तो सनावळीसह उलगडून दाखवी. कागदावर मात्र काना-वेलांटीची आणि जोडाक्षरांची सदैव गफलत. त्याची वही मी साऱ्या वर्गासमोर वाचून दाखविली. मुले हसली, मीही हसलो. पुढील वर्षी तो शाळेत आला नाही. 'डिस्लेक्सिया' हा शब्द माझ्या कानी पडला तो त्यानंतर.

आज आपण ज्याला न्यूरोडायव्हर्सिटी, म्हणजे मेंदूच्या घडणीतील वैविध्य, म्हणतो ती संकल्पना १९९०च्या दशकात प्रामुख्याने स्वमग्न व्यक्तींच्याच आपसांतील विचारमंथनातून पुढे आली. ऑस्ट्रेलियातील ज्युडी सिंगर यांनी १९९८ साली आपल्या प्रबंधात ती मांडली. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, अवधानातील अस्थिरता यांकडे केवळ दोष म्हणून न पाहता मानवी मनाच्या घडणीतील भेद म्हणून पाहावे, हा तिचा आशय. मात्र 'वैविध्य' म्हटल्याने कष्ट संपत नाहीत. काहींना आयुष्यभर आधार लागतो आणि त्यांच्या घरची माणसे थकलेली असतात. प्रत्येक स्वमग्न मूल गणिती प्रज्ञावंत असते, अशी भाबडी भाषणे कृपया करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ व्यक्तींमागे एक स्वमग्न होती. ही सारी माणसे सर्वसामान्यच आहेत.

आपल्या देशात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारांची नोंद होती. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यांत नव्हत्या. २०१६ च्या कायद्याने ही संख्या २१ वर नेली आणि या दोहोंना स्थान दिले. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. परंतु त्यासाठी प्रमाणपत्र लागते आणि 'पोराला शिक्का बसेल' या धास्तीने पालक तिथवर जातच नाहीत. जे जातात, त्यांच्या मुलांना मधल्या सुट्टीत ऐकावे लागते, "तुझी काय बुवा, चैन आहे!" हे वाक्य शिक्षकाच्या कानी पडत नाही, तुमच्या पडते. म्हणूनच हे कार्य तुमच्या वयाच्या कार्यकर्त्यांवाचून होणारे नाही.

पण उत्साहाच्या भरात शेजारच्या बाकावरील मित्राचे निदान करू नका; ते तज्ज्ञांचे काम आहे. कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या अनुमतीवाचून उदाहरण म्हणूनही सांगू नका. 'बिचारा' हा शब्द तर वापरूच नका. तो मायेने उच्चारला तरी टोचतो.

आता थोडे अप्रिय बोलतो. ढोल-ताशाने आपल्या अंगी स्फुरण चढते; तोच नाद एखाद्या स्वमग्न मुलाला शारीरिक वेदनेसारखा जाणवतो. तो कान झाकून खाली बसला की आपण त्याला हट्टी म्हणतो. वस्तुतः तो हट्ट नसतो, सहनशक्ती संपलेली असते. अशा वेळी भोवती गर्दी करू नये, हात धरून ओढू नये, प्रश्नांचा भडिमार करू नये. शांत जागेकडे वाट मोकळी करून द्यावी. पुढच्या मिरवणुकीत आपल्या पथकाने एखाद्या घरासमोर दोन मिनिटे वादन थांबविले, तर उत्सवाचे काय उणे होणार आहे? वडीलधाऱ्यांना हे विचारण्याचे धैर्य तुम्हांला कमवावे लागेल, आणि पहिल्या खेपेस ते ऐकणार नाहीत, हेही गृहीत धरा.

चहापानानंतरचे पहिले सत्र एक स्वमग्न युवक घेणार आहे. तो मुखाने बोलत नाही, संगणकावर स्वतः टंकलेखन करून उत्तरे देतो. एका उत्तराला तीन-चार मिनिटेही लागतील. तेवढा वेळ सभागृहात शांतता असेल. त्या शांततेत कोणीही त्याच्या आईकडे पाहून प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न त्याला विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे.