सहल आधी, व्याख्यान नंतर



मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. तेव्हापासून आपल्याकडे विज्ञान अधिवेशनांची चांगली परंपरा आहे आणि आता महाविद्यालयं, विज्ञान मंडळंही आपापली संमेलनं भरवतात. बहुतेकांच्या कार्यक्रमपत्रिका सख्ख्या बहिणींसारख्या असतात. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, बीजभाषण, परिसंवाद, शोधनिबंध. आणि शेवटच्या दिवशी दुपारी, अर्धी मंडळी परतीची गाडी पकडायला निघून गेल्यावर, विज्ञान सहल. माझं म्हणणं एवढंच, की हा क्रम उलटा करावा. सहल पहिल्या दिवशी सकाळीच काढावी.

उदाहरण म्हणून खोडद घेऊ. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव लागतं. तिथून आत वळलं, की द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांमधून अजस्र तबकड्या दिसू लागतात. हीच ती जीएमआरटी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप यांनी कल्पिलेली आणि उभी केलेली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. सभागृहात वक्ता पडद्यावर चित्र दाखवून हे आकडे सांगतो, आपण वहीत उतरवून घेतो आणि चहाला जातो.

तबकडीखाली उभं राहिल्यावर मात्र वेगळंच घडतं. मान वर केली, की लक्षात येतं, अरे, हिच्यातून तर आभाळ दिसतंय! पत्रा नाहीच, बारीक तारेची जाळी आहे. मग कोणीतरी विचारतंच, की इतक्या भोकांतून लहरी निसटून जात नाहीत का? आणि इथून खरं व्याख्यान सुरू होतं. ही दुर्बीण ज्या लहरी टिपते त्यांची लांबी साधारण वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. एवढ्या लांब लहरींना ही भोकं जणू दिसतच नाहीत. त्यांच्या लेखी ती जाळी म्हणजे सलग आरसा. वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि मोठी दुर्बीण कमी खर्चात उभी राहिली. लहरलांबीचा धडा असा एकदा डोक्यावर पाहिला, की परत पुस्तकात पाहावा लागत नाही.

दुसरा प्रश्न ठरलेला: बाकीच्या अँटेना कुठं आहेत? तीसपैकी चौदा मध्यभागी जवळजवळ आहेत. उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर, शिवारांत विखुरलेल्या. दोन टोकांमधलं अंतर पंचवीस किलोमीटरपर्यंत जातं. जितकं अंतर जास्त, तितका तपशील बारीक दिसतो, म्हणून हा सगळा पसारा.

आणि फाटकापाशीच मोबाइल बंद करायला सांगतात. अवकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात, की आपल्या खिशातला फोन त्यांच्यापुढे कर्णकर्कश ठरतो. (संमेलनातला हा एकच कार्यक्रम, ज्यात कुणी फोनमध्ये डोकं घालून बसलेलं नसतं. संयोजकांनी याचीही नोंद घ्यावी.)

पण फोनवर गोष्ट संपत नाही. विजेच्या तारांवरच्या ठिणग्याही दुर्बिणीला त्रास देतात. मोबाइलचे मनोरे, नवे उद्योग यांचाही प्रश्न असतो. अलीकडे पुणे-नाशिक जलद रेल्वेचा आखलेला मार्ग याच दुर्बिणीमुळे अडला. आता सांगा, विज्ञानसंवाद या विषयावरचा परिसंवाद पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित सभागृहात घ्यायचा, की नारायणगावच्या एखाद्या शाळेच्या पटांगणात? कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेसाठी आपल्या गावची रेल्वे का वळवायची, असं तिथला शेतकरी किंवा व्यापारी विचारील. त्याला समजेल आणि त्याचा मानही राखला जाईल असं उत्तर ज्याला देता येईल, तो विज्ञानसंवादक. व्यासपीठावर शास्त्रज्ञाशेजारी त्या शेतकऱ्याला बसवा, महावितरणच्या तारतंत्रीला बसवा. परिसंवाद नक्की रंगेल.

नारायणगाव तर तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन जत्रेसाठी सुपाऱ्या देतात. समोरच्या माणसाला चार वाक्यांत कसं खिळवून ठेवावं, हे तिथल्या सोंगाड्याला उपजत कळतं. आमच्या काही वक्त्यांनी तिथं शिकवणी लावायला हरकत नाही.

रटाळ व्याख्यानाचा एक फायदा मात्र मला ठाऊक आहे. डॉ. जयंत नारळीकर अहमदाबादच्या एका परिसंवादात असंच एक कंटाळवाणं भाषण ऐकत बसले होते. त्यांनी समोरचे कागद ओढले आणि विज्ञानकथा लिहायला घेतली. ती ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ती त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली, म्हणजे आपली आद्याक्षरं उलटी करून. आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. पण सभागृहातला प्रत्येक श्रोता नारळीकर नसतो. बाकीचे नुसतेच पेंगतात.

सहल काढायची तर नीट काढावी, एवढीही विनंती. बसभर माणसं उतरवायची, काचेपलीकडची यंत्रं दाखवायची आणि अर्ध्या तासात सामूहिक छायाचित्र काढून परत फिरायचं, याला सहल म्हणत नाहीत. दहा-पंधरा जणांचे गट करा. अँटेनाची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला बोलू द्या. वाऱ्याचा जोर वाढला की काय करावं लागतं, हे त्याच्याइतकं कुणी सांगणार नाही. प्रत्येकानं आपला एक प्रश्न चिठ्ठीवर लिहावा आणि दुसऱ्या दिवशीच्या वक्त्यांनी आधी त्या चिठ्ठ्या घ्याव्यात, मग आपलं भाषण. वेळ उरला तर बीजभाषण.

संमेलनाची वाट पाहायची गरज नसलेल्यांसाठी शेवटी एक सांगतो. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानं, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. आसपासच्या शाळांतली मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात, शास्त्रज्ञ भेटतात, दुर्बीण जवळून पाहता येते. घरच्या मुलांना घेऊन जरूर जा. त्यांना हवे तेवढे प्रश्न विचारू द्या, आणि फाटकापाशी आपले फोन न विसरता बंद करा.