काडेपेटीत मावेल एवढी गाडी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘तुझ्या त्या खेळण्यांवर बोल’ असं सांगितलं. साठी उलटलेल्या माणसाच्या खेळण्यांना घरी सगळे हसतात, तुम्हीही हसा.

गाड्यांचं वेड आपल्या नागपूरनंच लावलं. तान्ह्या पोळ्याला आपण चाकांवरचा लाकडी नंदी ओढत घरोघर फिरायचो, ती माझी पहिली गाडी. दुसरी छिंदवाड्याची नॅरोगेज. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी आम्हाला खेळण्यातलीच वाटायची. आता ती बंद झाली. त्या काळची इंजिनं पाहायची तर मोतीबागेत २००२ साली सुरू झालेल्या संग्रहालयात जायचं. नातवंडांना घेऊन जाच.

पुढे नोकरी फिरतीची लागली. काम उरकलं की मी जुना बाजार कुठं भरतो ते विचारायचो. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळांच्या ढिगामागे एक बैलगाडी सापडली. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांच्या संग्रहातल्या रोल्स-रॉइस, डेमलर डोळे भरून पाहिल्या. पण तिथं नुसतं पाहायचं. खेळण्यातली मोटार उलटी करून बघता येते, आणि खरी गंमत उलटी केल्यावरच आहे. पोटावर ‘लेस्नी’ आणि ‘मेड इन इंग्लंड’ ही अक्षरं असली तर ती जुनी मॅचबॉक्स, कारण १९८२ साली लेस्नी कंपनी बुडाली. मग चाकं फिरवून बघायची. हॉट व्हील्सशी टक्कर द्यायला १९६९पासून मॅचबॉक्सनं सुसाट पळणारी चाकं बसवली. त्याआधीची साधी, जरा अडत फिरणारी. रंग फार चकचकीत असेल तर मुकाट्यानं खाली ठेवायची, कुणीतरी घरी रंगवलेली असते.

या मॅचबॉक्सच्या जन्मामागेही एक शाळाच आहे. लेस्नीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती. म्हणून त्यांनी तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला. आपल्या शाळेत तेवढीही सवलत नव्हती, हे काहींना चांगलं आठवत असेल!

आता खरं सांगतो. सातवीत आपल्या एका मित्राकडे लाल दुमजली लंडन बस होती, मॅचबॉक्सची. बाजूवर मोटारीच्या तेलाची जाहिरात. त्याच्या मामानं विलायतेहून आणली होती. मधल्या सुट्टीत मी ती त्याच्या दप्तरातून न विचारता घेतली आणि तासाला बाकावर चालवत बसलो. सरांनी पकडली. ‘कोणाची?’ म्हणाले. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. तेवढं खरंच होतं ना! छड्या त्यानं खाल्ल्या, बस जप्त झाली ती झालीच. घरी जाताना तो एवढंच म्हणाला, ‘काहून बे?’ उन्हाळ्यात त्याच्या वडिलांची बदली झाली आणि ते राहूनच गेलं.

तेव्हापासून प्रत्येक गावात मी ती बस शोधायचो. लाल बशी पुष्कळ मिळाल्या, पण चाकं नवी असायची, नाहीतर जाहिरात दुसरी. सेवानिवृत्तीच्या आदल्या वर्षी मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, एका माणसानं पत्र्याच्या डब्यात हात घालून ती वर काढली. एका कोपऱ्याचा रंग उडालाय, जाहिरात अर्धी पुसलीय, पण चाकं तीच. त्यानं सांगितलेली किंमत मी घासाघीस न करता दिली. घरी अजून खरी रक्कम सांगितलेली नाही, तेव्हा इथंही सांगत नाही.

आपला तो मित्र आज सत्तेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा मेळाव्याला आला आहे. मघाशी भेटला तेव्हा मला बोलायला जमलं नाही. म्हणून माइकवरून, सरांसमोर सांगतो: चूक माझी होती. बस माझ्या खिशात आहे. जेवायला बसण्याआधी जरा बाहेर येशील का?