उत्तम प्रशासनाचा पुरस्कार आणि मागे राहिलेला माणूस

(तासगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जिल्ह्याच्या कारभारात उत्तम नेतृत्व करणाऱ्यांना पुरस्कार द्यावेत काय, आणि द्यायचे तर कोणत्या कसोटीवर, या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत. आपल्याकडे पुरस्कार हा सत्काराचा विषय मानला जातो, चर्चेचा नव्हे. शाल, श्रीफळ आणि छायाचित्र झाले की विषय संपतो. परंतु अर्थशास्त्राच्या शिक्षकाला एक खोड असते. कशाचीही किंमत ठरली की ती कोणी ठरवली आणि कोणत्या मापाने ठरवली, हे विचारल्याशिवाय त्याला राहवत नाही.

अशा पुरस्कारांची आज वाण नाही. लोकप्रशासनातील उत्कृष्टतेसाठी पंतप्रधानांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार २००६ साली सुरू झाला. २१ एप्रिल १९४७ रोजी सरदार पटेलांनी दिल्लीत तरुण प्रशासकीय अधिकाऱ्यांपुढे भाषण केले होते. त्या दिवसाचे औचित्य साधून तो दिला जातो. आपल्या राज्यात २००५-०६ पासून यशवंत पंचायतराज अभियान सुरू झाले आणि त्यात जिल्हा परिषदा, पंचायत समित्या तसेच गुणवंत अधिकारी व कर्मचारी यांचा गौरव होऊ लागला. चांगले काम करणाऱ्याच्या पाठीवर थाप पडावी, यात गैर काय? काहीच नाही. बदलीच्या टांगत्या तलवारीखाली प्रामाणिकपणे राबणारा अधिकारी मी पाहिला आहे. त्याला चार शब्द ऐकवणे हे समाजाचे कर्तव्यच आहे.

माझी शंका निराळी आहे, आणि ती मला पुस्तकातून सुचलेली नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका पुरस्काराच्या परीक्षक मंडळावर मी होतो. मंडळाचे वा गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष माझाही आहे. आमच्यापुढे सुबक बांधणीचे अहवाल आले, त्यांत रंगीत छायाचित्रे होती, तक्ते होते. स्वच्छतागृहांच्या रकान्यात 'शंभर टक्के' असे लिहिलेले होते. मी गुण दिले आणि सही केली. पुढच्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने त्यांतल्याच एका गावी जाणे झाले. गावाबाहेरच्या वस्तीवर त्या स्वच्छतागृहांत कडबा आणि जळण रचून ठेवलेले होते. एका म्हातारीला मी कारण विचारले. ती म्हणाली, "प्यायचं पाणी आणायला मैलभर जावं लागतंय सर, ह्यात कुठनं वतू?"

अहवाल खोटा नव्हता, हे ध्यानात घ्या. बांधकाम शंभर टक्के झालेच होते. आमच्या गुणपत्रिकेत बांधकामाचा रकाना होता. पाण्याचा नव्हता, वापराचा नव्हता आणि त्या म्हातारीचा तर नव्हताच. जे मोजले जाते ते केले जाते आणि जे मोजले जात नाही ते हळूहळू कारभाराच्या दृष्टीआड होते. पुरस्काराने माणसे बिघडतात असे मी म्हणत नाही. पुरस्काराचे माप चुकले की कारभाराची दिशा चुकते, एवढेच माझे म्हणणे आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. तासगाव तालुक्याने महाराष्ट्राला कारभाराच्या दोन थोर कल्पना दिल्या आहेत.

पहिली कल्पना विसापूरच्या वि. स. पागे यांची. पागेसाहेब १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. ग्रामीण मजुराला मागेल तेव्हा काम मिळाले पाहिजे, हा विचार त्यांनी मांडला. त्याचा पहिला प्रयोग याच तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळाने तो राज्यभर नेला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ साली देशाने रोजगार हमीचा जो कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

दुसरी कल्पना अंजनीच्या आर. आर. पाटील यांची. आबा १९७९ पासून सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य होते. तळाचा कारभार त्यांनी तिथे पाहिला. ग्रामविकासमंत्री असताना, २०००-०१ साली, त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावागावांत स्पर्धा लावली आणि बक्षिसे ठेवली. ज्या गावांत ग्रामसभेला माणसे जमत नसत, तिथे लोक पहाटे खराटे घेऊन बाहेर पडले. ते दृश्य मी डोळ्यांनी पाहिले आहे. बक्षिसाच्या रकमेपेक्षा कितीतरी अधिक मोलाचे श्रम लोकांनी आपल्या गावात ओतले.

एका कल्पनेचा पाया हक्क, दुसरीचा स्पर्धा. दोन्हींची थोरवी मी मानतो. परंतु त्यांची क्षेत्रे वेगळी आहेत. गल्ली झाडणे, भिंती रंगवणे, झाडे लावणे ही लोकांनी आपण होऊन करायची कामे. तिथे स्पर्धेने हुरूप येतो. स्पर्धेत एक पहिला येतो आणि बाकीचे मागे राहतात, तरी त्यात कुणाची उपासमार होत नाही. हक्काच्या बाबतीत मात्र 'पहिला क्रमांक' या शब्दालाच अर्थ नाही. मजुराने काम मागितले की पंधरा दिवसांच्या आत ते द्यायचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यायचा, हे रोजगार हमीच्या कायद्याने बंधन घातले आणि जिल्ह्यातील त्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर टाकली. हा भत्ता प्रत्यक्षात क्वचितच कुणाच्या हाती पडला, हे कटू सत्यही सांगितले पाहिजे. तरीसुद्धा त्या कायद्याने प्रश्न अचूक विचारला होता. सर्वांत पुढे कोण गेला, हे तो विचारत नाही. मागे कोण राहिले, हे तो विचारतो. या योजनेसाठी पैसा उभा करावा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. माझ्या पगारातूनही तो कापला जात असे, आणि खरे सांगतो, त्या कपातीचा मला कधी राग आला नाही.

जिल्हा प्रशासनाची कामे बहुतांशी या दुसऱ्या प्रकारची आहेत. शिधा, पाणी, शाळा, दवाखाना, निराधाराचे अनुदान यांचा उपकार नसतो. ती देणी असतात. देणे चुकते करणाऱ्या कर्जदाराचा आपण सत्कार करीत नाही. मग पुरस्कार द्यायचा तरी कशाचा? माझ्या मते, जिथे देणे वर्षानुवर्षे थकले होते तिथे ते पोचवल्याचा.

आता एक अवघड गोष्ट. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, तेव्हा मुख्यमंत्री होते शेजारच्या देवराष्ट्रेचे यशवंतराव चव्हाण. जिल्ह्याच्या विकासाची सूत्रे लोकांनी निवडलेल्या माणसांच्या हाती यावीत, हा त्यामागचा हेतू. पुढे १९८४ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद सांगलीच्याच प्राचार्य पी. बी. पाटील यांच्याकडे आले आणि १९८६ मध्ये त्यांनी पंचायत राज्याच्या फेरमांडणीचा अहवाल दिला. एवढी परंपरा असलेल्या आपल्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची तीच गत होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात पंचायत राज संस्थांसाठी मुख्यमंत्र्यांच्या नावाने नवे बक्षीस अभियान सुरू झाले. त्या वेळी बहुतेक जिल्हा परिषदांच्या सभागृहांत एकही लोकनियुक्त सदस्य नव्हता. पंचायत होती, राज्य होते, पुरस्कार होता. नव्हते फक्त पंच! यात कुणा अधिकाऱ्याचा दोष नाही. पण ज्याला सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणारा कुणी नाही, त्याच्या कारभाराला उत्तम नेतृत्व कसे म्हणावे?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, पुरस्काराचे गुण जिल्ह्याच्या सरासरीवर देऊ नयेत. सांगली जिल्ह्याचा विचार करताना कृष्णाकाठ बाजूला ठेवावा आणि जतच्या पूर्व भागातील वस्ती किती पुढे आली ते पाहावे. दुसरी, पुरस्कार अधिकाऱ्याची बदली झाल्यावर दोन वर्षांनी द्यावा. माणूस गेल्यावरही जे टिकते तेच नेतृत्व. बाकीचे सारे धावपळ. तिसरी, अर्जासोबत जोडलेला अहवाल आधी ग्रामसभेत मोठ्याने वाचावा, आणि ज्यांच्या नावावर लाभ दाखवला आहे त्यांना बोलू द्यावे. ती म्हातारी त्या सभेत असती, तर माझ्या सहीची वेळच आली नसती.

३ सप्टेंबर १९४२ रोजी याच तासगावच्या कचेरीवर हजारो लोक चालून गेले आणि तिच्यावर त्यांनी तिरंगा लावला. ही कचेरी आमची आहे, एवढेच त्यांना सांगायचे होते. आपली कचेरी कशी चालते याचा निवाडा परीक्षक मंडळावर सोपवून आपण घरी बसलो, तर त्या माणसांचे काम अर्धेच राहिले असे होईल. पुरस्कार अवश्य द्या. परंतु गुणपत्रिका आपल्या हाती ठेवा, आणि तिच्यातला पहिला रकाना मागे राहिलेल्या माणसाच्या नावाचा असू द्या.