वशिल्याची पत्रे

अमेरिकेच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात परराष्ट्र खात्याचे जुने कागदपत्र जपून ठेवलेले आहेत. त्यांत राष्ट्राध्यक्षांच्या कारकीर्दीनुसार लावलेला एक मोठा पत्रसंग्रह आहे. त्यात तहनामे नाहीत की युद्धाचे खलिते नाहीत. आहेत ते नोकरीसाठी केलेले अर्ज आणि त्यांना जोडलेली शिफारसपत्रे. कोणी स्वातंत्र्ययुद्धातील सेवेचा दाखला देतो, कोणी बुडालेल्या व्यापाराची आणि मोठ्या कुटुंबाची हकीगत सांगतो, तर कोणी निवडणुकीत पक्षासाठी केलेल्या श्रमांचा हिशेब मांडतो. एका प्रजासत्ताकाने आपले सेवक कसे निवडले, ह्याचा हा अस्सल इतिहास होय.

ह्या इतिहासाचा आरंभ मोठा उदात्त आहे. १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचा पुतण्या बुशरॉड ह्याने व्हर्जिनियातील सरकारी वकिलाची जागा मागितली. चुलत्यांनी उत्तर धाडले ते नकाराचे. तेथील वकीलमंडळींत त्याच्याहून वडील व नामांकित असे गृहस्थ आहेत आणि सर्व जगाचे डोळे आपणांकडे लागलेले आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे १७९८ साली दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांनी ह्याच बुशरॉडला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश नेमले. म्हणजे पुतण्या नालायक नव्हता. परंतु नाते हीच पात्रता ठरू नये, एवढाच चुलत्यांचा कटाक्ष होता.

परंतु राजकीय पक्ष उदयास आले आणि प्रश्न बिकट झाला. १८०१ साली जेफरसन अधिकारावर आले, तेव्हा बहुतेक जागा विरोधी पक्षाच्या लोकांनी भरलेल्या होत्या. न्यू हेवन बंदरातील जकातीचा कलेक्टर त्यांनी बदलला, म्हणून तेथील व्यापाऱ्यांनी तक्रार केली. जेफरसन ह्यांनी उलट विचारले की, जागा रिकाम्या व्हाव्यात तरी कशा? मृत्यूने होतात त्या थोड्या आणि राजीनाम्याने तर एकही नाही! ह्या उत्तरात तथ्य होते. पण अधिकारी बदलण्यास पक्ष हे कारण एकदा मान्य झाले, की ते कोठे थांबवावयाचे, हे ठरविणे कठीण होऊन बसते.

१८२० च्या कायद्याने जकात खात्यातील व इतर अनेक अधिकाऱ्यांची मुदत चार वर्षांची ठरली. त्यामुळे दर चार वर्षांनी अर्जांचा पूर येण्याची सोयच झाली. १८२९ साली अँड्र्यू जॅक्सन आले. सरकारी काम सोपे असते, ते कोणाही शहाण्या माणसास जमते आणि अधिकारावर कोणाचा वंशपरंपरा हक्क नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा विचार लोकशाहीला शोभणारा होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु १८३२ साली न्यूयॉर्कचे सिनेटर मार्सी ह्यांनी त्याचा खरा अर्थ उघड केला. शत्रूकडील लूट ही विजेत्याचीच असते, ह्यात वावगे काय, असे त्यांनी भर सभेत विचारले. तेव्हापासून ह्या प्रथेला लुटीची पद्धत हे नाव पडले. जॅक्सन ह्यांनी न्यूयॉर्कच्या जकातीवर नेमलेले स्वॉर्टवाउट १८३८ साली युरोपास निघून गेले आणि मागे हिशेबात १२ लाख डॉलरांहून अधिक तूट निघाली.

ह्या जाळ्यातून थोर माणसेही सुटली नाहीत. कादंबरीकार नॅथॅनियल हॉथॉर्न ह्यांना १८४६ साली सेलमच्या जकातखान्यात जागा मिळाली आणि १८४९ साली पक्ष बदलताच ती गेली. त्या सक्तीच्या रिकामपणातून ‘द स्कार्लेट लेटर’ जन्मास आली. पुढे मित्र फ्रँकलिन पिअर्स निवडणुकीस उभे राहिले, तेव्हा हॉथॉर्न ह्यांनी त्यांचे प्रचारचरित्र लिहिले आणि १८५३ साली लिव्हरपूलच्या वकिलातीवर त्यांची नेमणूक झाली. अब्राहम लिंकन ह्यांनीसुद्धा १८४९ साली जमीन खात्याच्या प्रमुखाची जागा मिळावी म्हणून मित्रांना शिफारशी मागणारी पत्रे लिहिली होती. ती जागा दुसऱ्यास मिळाली. १८६१ साली तेच राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा यादवी युद्ध उंबरठ्यावर आले असताना त्यांचा दिवस उमेदवारांच्या भेटीत जाऊ लागला. घराच्या एका टोकाला आग लागली असताना दुसऱ्या टोकाच्या खोल्या भाड्याने देत बसलेल्या माणसासारखी आपली गत झाली आहे, असे ते म्हणाल्याचे सांगतात.

ह्या पद्धतीची खरी किंमत १८८१ साली मोजावी लागली. राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड ह्यांच्या दारी जमलेल्या उमेदवारांत चार्ल्स गिटो नावाचा एक माणूस होता. आपल्या एका भाषणामुळेच गारफिल्ड निवडून आले, अशी त्याची समजूत होती आणि त्याबद्दल त्याला पॅरिसची वकिलात हवी होती. तो पत्रांमागून पत्रे धाडी. अखेर परराष्ट्रमंत्री ब्लेन ह्यांनी त्याला पॅरिसचे नाव पुन्हा काढू नकोस, असे बजावले. २ जुलै रोजी त्याने वॉशिंग्टनच्या रेल्वेस्थानकावर गारफिल्ड ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ सप्टेंबरला त्यांचा अंत झाला. गिटोच्या मनाचा तोल ढळलेला होता, हे खरे. परंतु पक्षाची सेवा केली की सरकारी जागा ही आपली येणे बाकी ठरते, ही त्याची समजूत वेड्याची नव्हती. ती शहाण्यासुरत्या हजारोंची होती.

गारफिल्ड ह्यांच्या जागी आलेले चेस्टर आर्थर हे वशिल्याच्याच राजकारणात वाढलेले. १८७८ साली न्यूयॉर्कच्या कलेक्टरपदावरून ते दूर झाले होते. त्यांच्याच सहीने १६ जानेवारी १८८३ रोजी पेंडल्टन कायदा अमलात आला, हा इतिहासाचा न्याय म्हणावा. काही जागांसाठी स्पर्धा परीक्षा आली आणि पक्षनिधी दिला नाही म्हणून नोकरावरून काढून टाकण्यास बंदी झाली. सुधारकांनी ह्या बाबतीत इंग्लंडचा अभ्यास केला होता. हिंदुस्थानातील मुलकी नोकऱ्या कंपनीच्या डायरेक्टरांच्या मर्जीतून काढून परीक्षेच्या हवाली करणारा १८५३ चा कायदा त्याच घडामोडींतील होय. आरंभी अमेरिकेतील कायदा सुमारे एकदशांश नोकरांनाच लागू होता. १८८५ ते १८८९ ह्या काळातही सुमारे ४० हजार पोस्टमास्तर बदलले गेले. पण व्याप्ती पुढे वाढत गेली.

ह्या पत्रव्यवहारापासून एक बोध निश्चित घ्यावा. अर्ज करणारे सगळे लोभी नव्हते आणि देणारे सगळे भ्रष्ट नव्हते. गरजू माणसाने दार ठोठवावे आणि भल्या माणसाने ते उघडावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु उपजीविका मर्जीवर टांगली गेली, की मागणारा मिंधा होतो, देणारा बांधला जातो आणि ज्याला शिफारस नाही तो लायक असूनही बाहेर राहतो. वॉशिंग्टन ह्यांचा नकार हा एका माणसाचा निग्रह होता. त्यांच्याबरोबर तो संपला. निग्रहाचे नियमात रूपांतर होण्यास पुढे जवळजवळ शंभर वर्षे आणि एका राष्ट्राध्यक्षाचा प्राण लागला.