निकालाचा आकडा आणि त्याचा अर्थ

(तेलगाव येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



गुणवंतांचा सत्कार आताच झाला. त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करून, ज्यांची नावे पुकारली गेली नाहीत त्या मुलामुलींविषयी व त्यांच्या पालकांशी चार शब्द बोलण्याची आम्हांस अनुज्ञा असावी.

पूर्वी निकाल म्हणजे मॅट्रिकचा निकाल. पास की नापास आणि टक्के किती, एवढे सांगितले की घरातील निरक्षर आजीसही सारे उमजत असे. आता तसे राहिले नाही. सन २०२५ च्या जूनमध्ये १४ तारखेस वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’चा आणि १६ व १७ तारखांस राज्याच्या सीईटीच्या दोन गटांचा, असे चार दिवसांत तीन निकाल लागले. त्यांतील ‘पर्सेंटाइल’ हा आकडा टक्के समजून काही घरांत पेढे वाटले जातात, तर काही घरांत मुलांस बोल लावले जातात.

आपल्या तेलगावच्या साखर कारखान्यापुढील उसाच्या गाड्यांची रांग आपण सर्वांनी पाहिली आहे. काट्यावर जे वजन भरते, ते झाले गुण. शंभर गाड्यांपैकी कितींचे वजन आपल्या गाडीइतके वा त्याहून कमी भरले, हे सांगणारा आकडा तो पर्सेंटाइल. सीईटी अनेक सत्रांत होते. एका सत्राची प्रश्नपत्रिका सोपी, दुसऱ्याची कठीण निघणे संभवते. यास्तव सन २०१९ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना प्रथम त्याच्याच सत्रातील इतरांशी केली जाते.

‘नीट’चे उदाहरण घ्या. खुल्या वर्गाची पात्रता ५० पर्सेंटाइल. सन २०२४ मध्ये त्यासाठी ७२० पैकी १६२ गुण लागले, सन २०२५ मध्ये १४४. पर्सेंटाइल तोच, गुण निराळे. आणि १४४ गुण म्हणजे अवघे २० टक्के! सन २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षेस बसले, १२ लाख ३६ हजारांहून अधिक पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र साऱ्या देशात सव्वा लाखाच्या घरात. म्हणजे पात्र दहांपैकी जेमतेम एकास जागा. तेव्हा ‘पात्र’ हा शब्द वाचून कोणी जमीन गहाण टाकून दलालाच्या हाती रक्कम देऊ नये.

मग करावे काय? गुणवत्ता यादीतील आपला क्रमांक पाहावा. मागील वर्षी कोणत्या महाविद्यालयाचा प्रवेश कोठे थांबला, हे ताडून पाहावे. पसंतीक्रम विचारपूर्वक भरावा. अभियांत्रिकीस पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती स्वीकारावीच लागते. ज्यांना आरक्षणाचा लाभ घ्यावयाचा आहे त्यांनी जात पडताळणी व नॉन-क्रिमिलेअर यांचे कागद निकालाच्या आधीच हाती ठेवावेत. चांगले गुण असूनही एका कागदावाचून जागा हुकणे यासारखे दुःख नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आकडा सारखाच असतो. पण मुलगा असला तर पुन्हा एक वर्ष लातूरला शिकवणीस धाडतात, आणि मुलगी असली तर ‘आता पुरे’ म्हणून स्थळे पाहू लागतात. हा न्याय नव्हे. सन २०२४-२५ पासून इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क शासनाने माफ केले आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून झालेला हवा. तेव्हा पैशाची सबब सांगण्यापूर्वी चौकशी तरी करावी.

रांगेतील जागा त्या दिवसाची असते; मुलाचे आयुष्य त्याहून पुष्कळ लांब असते. कृषी, पदविका, विज्ञान, आयटीआय असे अनेक मार्ग खुले आहेत. निकालाच्या दिवशी प्रथम लेकरास जेवू घालावे, मग आकडा वाचावा, आणि तो न समजल्यास जाणत्यास विचारावा. विचारण्यात कमीपणा नाही.