पायांची तळमळ
(आरोग्य व्याख्यानाचा सारांश)



रात्री अंथरुणाला पाठ टेकताच पायांच्या आत काहीतरी सरपटल्यासारखे वाटावे, पाय हलविल्यावाचून राहवू नये, उठून चार पावले चालताच बरे वाटावे आणि पुन्हा पडताच तेच सुरू व्हावे, हा अनुभव या सभागृहातील काहींना निश्चित असेल. हसे होईल म्हणून तो कोणी सांगत नाही. माझ्या मातोश्री वर्षानुवर्षे मध्यरात्री ओसरीवर येरझाऱ्या घालीत. मी वैद्यक शिकलेला मुलगा, "वयोमानाने होते" एवढेच त्यांना सांगत असे. चूक माझी होती.

या विकारास 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणतात. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ मध्येच त्याची नोंद केली होती. मेंदूला लोह अपुरे पडणे व डोपामाइनचे कार्य बिघडणे, ही त्यामागील प्रमुख कारणे मानली जातात. मूत्रपिंडाच्या विकारात व गर्भारपणात तो अधिक आढळतो. प्रसूतीनंतर बहुधा ओसरतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. हिमोग्लोबिन उत्तम असूनही शरीरातील लोहाचा साठा रिता असू शकतो. त्यासाठी फेरिटिनची तपासणी करावी लागते. प्रयोगशाळेच्या कागदावर आकडा 'सामान्य' दिसला, तरी या विकारात तो ७५ किंवा त्याखाली असल्यास लोह देण्याचा विचार करतात. तपासणीवाचून गोळ्या घेऊ नयेत. अतिरिक्त लोहही घातक असते. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनी व काही मानसोपचाराच्या औषधांनी तळमळ वाढते, हेही डॉक्टरांना विचारावे.

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधे प्रारंभी जादूसारखी वाटतात. पुढे मात्र त्रास रात्रीऐवजी सायंकाळीच सुरू होतो, हातांतही शिरतो, आणि मात्रा वाढवावी तसा वाढतो. म्हणून अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०२५ मध्ये त्यांचा सरसकट वापर टाळून गॅबापेंटिन वर्गातील औषधांची शिफारस केली. ज्यांचे जुने औषध चालू आहे त्यांनी ते एकाएकी थांबवू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावे.

मातोश्रींचे फेरिटिन १८ निघाले. लिंबूपाण्याबरोबर लोहाची गोळी, निजण्यापूर्वी पोटऱ्यांना मालीश आणि जेवणालगतचा चहा बंद, कारण चहा लोह शोषू देत नाही. विकार समूळ गेला असे मी म्हणणार नाही. पण तीन महिन्यांनी ओसरीवरचा दिवा रात्री दहालाच मालवू लागला. चहाबद्दल मात्र त्यांनी मला अखेरपर्यंत क्षमा केली नाही.