डोंगराच्या पोटातले पाणी



आम्ही महाडकर पुराला नवखे नाही. सावित्री आणि गांधारी पावसाळ्यात आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन जातात. पण डोंगराच्या पोटात मुरणाऱ्या पाण्याची विचारपूस आम्ही कधी फारशी केली नाही. ती करण्याचा योग बऱ्हाणपुरास आला. तेथील कुंडी भंडाऱ्यात आम्ही उतरलो, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

सातपुड्याच्या उतारावरून मुरत येणारे पाणी शहरास मिळावे म्हणून मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना याच्या अमदानीत, इ. स. १६१५ च्या सुमारास, हे भुयार खणले गेले. वर जमिनीवर शंभराच्या घरात विहिरींची तोंडे ओळीने दिसतात. त्याच या कुंड्या. लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली गेलो, तो विहिरीच्या तळाशी भुयार! भिंतींवर चुन्याची पुटे, पायांखाली वाहते पाणी आणि डोक्यावर उजेडाचे वाटोळे. येथे पंप नाही, मोट नाही. भुयाराला बेताचा उतार दिला, की पाणी आपल्या पायांनी चालू लागते.

युरोपातील खाणवाल्यांनी हीच युक्ती उलट हेतूने वापरली. खाणीत पाणी साचले की काम बुडे. म्हणून ते खालच्या दरीतून खाणीपर्यंत लांब भुयार खणीत आणि पाणी बाहेर काढून देत. जर्मनीतील हार्झ डोंगरात १८५१ ते १८६४ या काळात असे एक मोठे भुयार काढले गेले. बऱ्हाणपुरास पाणी हवे होते, हार्झला नको होते. वाट मात्र दोघांनीही करून दिली.

आता घरची गोष्ट. २२ जुलै २०२१ रोजी आपल्या तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही तोच घाला पडला. अतिवृष्टीने माती पाणी पिऊन जड झाली आणि तिची पकड सुटली. जपानात सरकत्या डोंगरांतील पाणी काढण्यासाठी विहिरी व भुयारे खणतात. प्रत्येक वाडीमागे भुयार खणा, असे आम्ही म्हणत नाही. तो खर्च मोठा, आणि एकाएकी सुटणाऱ्या मातीवर त्याचा इलाजही थोडा. पण वाडीच्या वरचे चर बुजू न देणे आपल्या हाती आहे. डोंगराला भेग पडली किंवा झरा एकाएकी गढुळला, तर रात्र होण्याची वाट न पाहता माणसे हलवणेही आपल्या हाती आहे. पुढच्या मृगापूर्वी प्रत्येक वाडीने एवढे तरी पाहून घ्यावे, ही विनंती.